कलमाची पट्टी

सावळीराम नानांची पिकअप पॅकिंग शेडमागच्या चिंचेखाली वर्षभर उभी होती. त्या वर्षात तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही असा नानांनी नेम केला होता, आणि तो पाळण्यासाठी रोज सकाळी बागेत जाताना ते उगाचच गोठ्याच्या बाजूने वळसा घालत. लोक म्हणत, "नाना, विकून टाका, डोळ्यांसमोरून तरी जाईल." नाना म्हणत, "विकतो की." पण गिऱ्हाईक आलं की त्याच्यात खोट निघायची. हा दलाल आहे, तो गाडी हाणून मारील, तिसऱ्याच्या तोंडाला सकाळी सकाळीच वास येतो. शेवटी दिवाळी सरल्यावर पेठच्या डोंगरातून सुनील आला, आणि त्याच्यात मात्र नानांना काही केल्या खोट सापडेना.

सुनील भिमाबाईचा मुलगा. भिमाबाईची मजुरांची टोळी गेली बारा वर्षं द्राक्षाच्या छाटणीला नानांच्या बागेवर येत होती. आईबरोबर सुनील पहिल्यांदा आला तेव्हा त्याला कात्री नीट धरता येत नव्हती. आता त्याच्याकडे लायसन होतं, लग्न ठरलं होतं, आणि घरचा भात अन् नागली हरसूलच्या बाजाराला न्यायला त्याला स्वतःची गाडी हवी होती. ही गाडी कोणती आहे हे त्याला कोणी सांगायला नको होतं. गेल्या वर्षी घाटात ती डोंगराला धडकली तेव्हा मागच्या हौद्यात तो स्वतः बसलेला होता.

"हीच कशाला पायजे रे तुला?" नानांनी विचारलं.

"गाडीचा काय दोष, नाना? आमच्या चौदा जणांचा जीव वाचला तो हिच्यामुळं. हिच्यामुळं अन् भाऊमुळं."

भाऊ म्हणजे हर्षल, नानांचा एकुलता एक मुलगा. त्याचं नाव नानांसमोर काढायची गावात कोणाची छाती नव्हती, पण डोंगरातल्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. नाना नुसतेच खाकरले.

सुनीलने गाडीभोवती एक फेरी मारली, चेपलेल्या डाव्या दारावरून हात फिरवला, मागे येऊन वाकला आणि चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. बोट काळं झालं. "मागचे सील गेलेत, नाना. पेठला गॅरेजात टाकून घेईन मी."

झालं! नानांचा पारा चढला. "गॅरेजात? सावळीरामच्या दारातून खोटी गाडी गेली असं म्हणतील लोक. मी टाकून देतो सील. तू उद्या सकाळी ये हाताखाली. अन् घाटात चालवायची गाडी हाय, ब्रेकचे लायनरबी नवे टाकू."

आता हे नुसतं बोलणं नव्हतं. पिंपळगाव बसवंतच्या आसपास नानांचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक, त्यांच्या हातचं कलम मरत नाही. जंगली द्राक्षाच्या खुंटावर काडी बसवून ते वरून प्लॅस्टिकची पट्टी अशी काही आवळायचे, की आत पाण्याचा थेंब शिरेल ना वारा. शंभर कलमं भरली तर शंभर फुटणार. दुसरी गोष्ट म्हणजे नानांच्या कुठल्याही गाडीने गॅरेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ट्रॅक्टर असो, फवारणीचा ब्लोअर असो, पिकअप असो, सगळं घरी, चिंचेखाली. नाना गाडीखाली आडवे व्हायचे आणि बायको चतुराबाई केबिनमध्ये बसून ब्रेकचं पॅडल दाबायची. "दाब. धर. सोड. अगं, सोड म्हटलं ना!" हा आवाज वस्तीवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. चतुराबाई सोडायची आणि वरून म्हणायची, "स्वयंपाकघरात कधी माझ्यासाठी एवढं वाकलात का?"

ती चतुराबाई गेल्या वर्षी याच गाडीत, हर्षलच्या शेजारी बसलेली असताना गेली.

दिवाळीला मजुरांना घरी सोडायला गाडी निघाली होती. भिमाबाईच्या घरी लाडू-चिवडा आणि एक लुगडं घेऊन चतुराबाई दरवर्षी जायची, तशीच त्या दिवशीही गेली. घाटाच्या उतारावर गाडी आवरली नाही आणि डाव्या अंगाने कातळावर आदळली. हौद्यातल्या माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. डावीकडे चतुराबाई होती. आणि हर्षलने पोलिसांना स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, की गाडी न्यूट्रलमध्ये उतरवत होतो, वेग आवरला नाही. तो कागद नानांनी स्वतः वाचला होता. उतारावर न्यूट्रल टाकायचं म्हणजे चार थेंब डिझेल वाचवायचं. घाटात गाडी गिअरमध्येच उतरवायची, हे हर्षलचे पाय पॅडलला पुरत नव्हते तेव्हापासून नानांनी त्याला शिकवलं होतं.

नाशिकला रामकुंडावर दहाव्याच्या विधीला सगळी भावकी जमली होती. तिथे, सगळ्यांच्या देखत, नाना हर्षलला म्हणाले, "डिझेल वाचवायला आईला मारलंस तू. मला तोंड दाखवू नको. मी मेलो तर खांदा द्यायलाबी येऊ नको." हर्षलने मान वर केली नाही. त्याच संध्याकाळी तो बायकोला, योगिनीला, घेऊन नाशिकला गेला आणि तिथेच राहिला. अंबडच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं, असं नानांना दुसऱ्यांकडून कळलं. योगिनीचा महिन्यातून एकदा फोन यायचा. नाना "बरं हाय" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी सुनील उन्हं यायच्या आधीच हजर झाला. नानांनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक दिला, जॅकचा भरवसा नको म्हणून खाली लाकडाचे ओंडके सरकवले. सील बदलणं म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. मागच्या दोन चाकांना जोडणारं लोखंडी नळकांडं असतं, त्यात तेल असतं. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक रबरी कडं बसवलेलं असतं, आतलं तेल चाकाकडे येऊ नये म्हणून. तेच सील. ते गेलं की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर तेल पितो. तेल प्यायलेला लायनर मग ब्रेक लावत नाही, नुसता घसरतो, साबणाच्या हातातून तांब्या निसटावा तसा.

डावं चाक निघालं. ड्रम गंजून बसला होता, त्याला चारी बाजूंनी हातोडीने हळूहळू समजावावं लागलं. तो सुटून हातात आला तेव्हा नाना थबकले. आतला लायनर नखशिखांत काळा, ओला होता. ड्रमच्या तळाला तेलाचं घट्ट डबकं साचलं होतं.

"एवढं?" नाना म्हणाले. मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "वर्षभर उभी राहून रबर सुकलं असंल."

"नाय नाना," सुनील सहज म्हणाला. तो नट रॉकेलच्या डब्यात टाकत होता. "त्याच दिशी गेलं हे. घाटात मागनं तेल जळाल्याचा वास यायला लागला व्हता. भाऊ ब्रेक दाबत व्हते पन मागची चाकं धरीतच नव्हती. सगळा भार पुढल्या चाकांवर, तिथनं धूर निघाय लागला. हँडब्रेक वढला, तोबी मागच्याच चाकांचा."

"न्यूट्रल टाकल्यावर दुसरं काय व्हनार?"

सुनीलने वर पाहिलं. "न्यूट्रल? कोन म्हनतं? दुसऱ्या गिअरात व्हती गाडी. इंजिन आसं बोंबलत व्हतं, का हौद्यातली पोरं रडाय लागली. मंग भाऊनी दरी सोडून डोंगराकडं वळवली."

नानांनी हातातला पाना खाली आपटला. मग जरा जोरात म्हणाले, "त्यानं सोताच्या हातानं लिहून दिलंय, न्यूट्रल म्हनून! तू तवा का बोलला नाय?"

"गेलतो पोलिसांना सांगाय, ब्रेक गेले म्हनून. भाऊनी हाताला धरून मागं वढला. म्हनले, सुनील, तू यात पडू नको."

नानांना यातलं काही जुळेना. गाडी गिअरमध्ये होती तर पोराने खोटं का लिहून दिलं? आणि ही सीलं तर जुनी नव्हती. अपघाताच्या आधी जेमतेम दीड महिना, भाद्रपदात, नानांनी स्वतःच्या हाताने नवी घातली होती. त्यांना एकदम घाई सुटली. डाव्या चाकाचा दांडा, ॲक्सल, बाहेर ओढायचं काम तसंच टाकून ते उजवीकडे गेले. "हे चाक काढ आधी," ते म्हणाले.

उजवी बाजू कोरडी निघू दे, असं ते मनात म्हणत होते. डावीकडचं एकच सील गेलं असेल तर तो सीलचा दोष. माल खराब लागला असेल, बसवताना काठ दुमडला असेल. अशी चूक कोणाच्याही हातून होते. उजवा ड्रम सुटत नव्हता. नानांनी सुनीलच्या हातातून हातोडी घेतली आणि नको तेवढ्या जोराने मारली.

उजवा ड्रमही तेलाने भरलेला होता.

नानांनी चाळीस वर्षं गाड्या खोलल्या होत्या. दोन नवी सीलं, दोन टोकांना, एकाच दिवशी आपणहून जात नाहीत. आतून कोणीतरी ढकलावं लागतं. आत तेल तापतं, हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला जागा नसली तर ती सगळ्यांत मऊ ठिकाण शोधते. त्या हवेसाठीच नळकांड्याच्या पाठीवर बोटाएवढी नळी ठेवलेली असते. ब्रीदर म्हणतात तिला.

आणि मग नानांना सगळं आठवलं. विसरले होते असं नाही. त्यांनी कधी ते त्या दिवसाला जोडून पाहिलंच नव्हतं.

भाद्रपदात कादवा नदीला पाणी चढलं होतं. औषधं आणायला नानांनीच हर्षलला पाण्याखालच्या फरशीपुलावरून गाडी घालायला लावली होती, चाकं बुडाली तरी. घरी येऊन नळकांड्यातलं तेल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. पाणी शिरलं होतं. नानांनी तेल बदललं, सीलं बदलली, आणि पाणी आलं कुठून याचा शोध घेता घेता त्यांना ती नळी दिसली. बागेत कलमं भरायचे दिवस होते, पट्टीचं रीळ खिशातच होतं. नानांनी नळीच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला आणि वरून कलमाची हिरवी पट्टी दहा वेढे आवळून बांधली. खुंटावर बांधायचे तशीच, गाठसुद्धा तीच. आता पाण्याचा बाप शिरणार नाही, म्हणून ते खूश होऊन गाडीखालून बाहेर आले होते.

चतुराबाई तिथेच उभी होती, पॅडल दाबून झाल्यावर. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ते भोक ठेवलंय ते कशाला तरी ठेवलं आसंल ना? मला तर कुकरची शिट्टी बांधून टाकल्यासारखं दिसतंय हे."

नाना म्हणाले होते, "तू तुझा कुकर बघ. गाडीतलं काय कळतं तुला?"

ती हसली होती आणि भाकरी टाकायला गेली होती.

नाना गाडीखाली आडवे झाले. पाठीला खडे टोचत होते. आता ती हिरवी पट्टी दिसणार आणि आपण ती बघायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण पट्टी नव्हती. नळी उघडी होती. क्षणभर, अगदी क्षणभर, नानांचा जीव हलका झाला. बांधलीच नव्हती की काय आपण! मग त्यांनी अंगठ्याने नळी पुसून पाहिली. सगळ्या नळकांड्यावर चिखलाचा जाड थर होता, पण त्या नळीच्या गळ्याशी बोटभर पट्टा स्वच्छ होता आणि त्यावर पात्याचे दोन ओरखडे होते. पट्टी होती. कोणीतरी कापून काढली होती.

"सुनील," नाना खालूनच म्हणाले. "हिथं एक पट्टी व्हती. हिरवी."

"हां, ती भाऊनी काढली," सुनील म्हणाला. "त्याच दिशी, घाटात. काकूंना खाली उतरवून आमच्या आयच्या मांडीवर निजवलं व्हतं, ॲम्ब्युलन्सला येळ व्हता. काकू शुद्धीवर व्हत्या. त्यांनी भाऊला जवळ बोलिवलं, कानात काय तरी बोलल्या. मंग भाऊ उठले अन् माझ्याकडं आले. कात्री मागितली, छाटनीची. मला वाटलं तेल गळतं ते बंद कराया चालले. गाडीखाली गेले. पट्टी लय घट्ट व्हती, लवकर निघंना. निघाली तशी दरीत फेकली." त्याने हातातला नट डब्यात टाकला. "पन तवर काकू गेल्या, नाना. भाऊ गाडीखालीच व्हते."

नाना गाडीखालून बाहेर आले नाहीत. सुनीलला वाटलं काही काम चाललंय. तो आपला लायनर उतरवत बसला. बऱ्याच वेळाने त्याने वाकून पाहिलं तर नाना उताणे पडून वरच्या त्या नळीकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांकडे ओघळत होतं. "डोळ्यात माती गेली का, नाना?" तो म्हणाला. नाना म्हणाले, "हां. गेली."

आपली पट्टी. आपल्या हातची, शंभर कलमांत एक न मरणारी. ती लवकर सुटली नाही म्हणून पोराला आईचा शेवटचा श्वाससुद्धा मिळाला नाही. आणि त्याच पोराला रामकुंडावर आपण काय म्हणालो! नानांना आपले ते शब्द एकेक करून ऐकू आले, आणि दर शब्दाला पोराची खाली घातलेली मान दिसली. लाज ही गोष्ट नानांना आयुष्यात फारशी ठाऊक नव्हती. त्या दिवशी ती त्यांना पुरून उरली.

काम मात्र त्यांनी अर्धं सोडलं नाही. ड्रम उलटा बसवून ठोके देत दोन्ही ॲक्सल ओढले, जुनी सीलं उचकटली, नव्यांना ग्रीस लावून लाकडाच्या ठोकळ्याने चहूकडून सारखी बसवली, लायनर नवे टाकले. ब्रीदर तारेने साफ करून फुंकून पाहिला, एकदा नाही, चारदा. पॅडलवर सुनील बसला. "दाब. धर. सोड," नाना म्हणत होते, पण इतक्या हळू, की सुनीलला प्रत्येक वेळी विचारावं लागत होतं, काय म्हनले?

दुपारी गाडी घेऊन निघताना सुनील पाया पडला. नाना त्याला म्हणाले, "हे बघ, त्या नळीला कवाच काही बांधू नको. पाणी शिरलं तर शिरू दे. तेल बदलता येतं." एवढं बोलून ते घरात गेले आणि त्या दिवशी परत बाहेर आले नाहीत.

सकाळच्या पहिल्या गाडीने ते नाशिकला आले. सिडकोत हर्षलच्या दोन खोल्या होत्या, पहिल्या मजल्यावर. पत्ता योगिनीने केव्हातरी फोनवर सांगितला होता; नानांनी तेव्हा ऐकल्यासारखं केलं नव्हतं, पण तो त्यांच्या लक्षात होता. दार योगिनीनेच उघडलं. समोर सासरे बघून ती दोन पावलं मागे सरली, मग घाईघाईने पदर डोक्यावर घेत म्हणाली, "नाना! या ना, आत या." आणि आत वळून, "अहो..."

हर्षल दुसऱ्या पाळीला जायचा होता, घरीच होता. तो बाहेर आला. वर्षात तो दहा वर्षांनी थोराड झाला होता. तो पाया पडायला वाकला. नानांनी त्याला पडू दिलं नाही, दोन्ही दंड धरून उभं केलं आणि दारातच म्हणाले, "ब्रीदरला पट्टी मी बांधली व्हती."

हर्षलच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "कसली पट्टी?" तो म्हणाला.

"कलमाची. हिरवी. तू कात्रीनं कापलीस ती."

"मी काही कापलं नाही. बसा ना, नाना. योगिनी, चहा ठेव."

"सुनीलनं सांगितलं मला सगळं. गाडी दुसऱ्या गिअरात व्हती. न्यूट्रलचं खोटं लिहून दिलंस तू."

"सुनील मागं होता, त्याला काय कळतंय," हर्षल म्हणाला. तो अजूनही बापाला वाचवत होता. मग त्याने नानांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि आता वाचवायला काही उरलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"मला माहीतच नव्हतं, ब्रीदर बांधलाय ते," तो खाली बघत म्हणाला. "ब्रेक का गेले ते मला कळत नव्हतं. आईनं सांगितलं. म्हणाली, त्यांनी गाडीखालच्या नळीची शिट्टी बांधली होती रे. जा, काढून टाक आधी. पोलीस यायच्या आत. आणि त्यांना कधी कळू देऊ नको. मी म्हटलं, आई, आत्ता नको, आत्ता मी तुझ्याजवळ बसतो. तर म्हणाली, नाही, आत्ताच जा. त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत, माझी शपथ आहे तुला."

योगिनी चहाचं भांडं हातात घेऊन आतल्या दारात उभी होती. तिलाही हे आजच कळत होतं. ती एकदा नवऱ्याकडे बघत होती, एकदा सासऱ्यांकडे.

नाना जमिनीवर बसले. खुर्ची होती, पण ते जमिनीवरच बसले. "आन् मी तुला तसं बोललो, सगळ्यांसमोर," ते म्हणाले. "तवातरी बोलायचं व्हतं, पोरा. माझ्या तोंडात मारायची व्हतीस."

"बोललो असतो तर तुम्हीपण गेला असता. दहा दिवसांत दोघं." हर्षलने पलंगावरच्या चादरीची कड सारखी केली. "मला वाटलं होतं, तुमचा राग मी सहज सोसेन. आईसाठीच करतोय, काय एवढं! पण नाही सोसवलं, नाना. खांदा द्यायला येऊ नको म्हणालात ना, ते अजून कानातून जात नाही. तुमचा राग नाही येत मला. पण ते जात नाही."

नानांनी हात पुढे केला आणि मुलाच्या पावलावर ठेवला. हर्षलने पाऊल मागे घेतलं. बापाने पायाला हात लावावा हे त्याला सोसणारं नव्हतं. नानांचा हात तसाच फरशीवर राहिला.

"केसचं काय झालं?" नानांनी विचारलं.

"मंगळवारी तारीख आहे. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करून टाक. काय व्हायचं ते होईल, पण मिटेल."

"तू कबूल करायचं नाय. मी येतो. मी सांगतो जज्जसाहेबांना, ब्रीदर मी बांधला, ब्रेक त्यानं गेले."

"नाना, नको." हर्षल उठून उभा राहिला. "वर्षभर मी हे कशासाठी केलं? आईची शपथ आहे. मरताना तिनं एवढंच मागितलं. माझ्याजवळ बसून राहायचंसुद्धा मागितलं नाही तिनं. तेवढं तरी ऐका तिचं."

तेवढं तरी ऐका तिचं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात नानांनी चतुराबाईचं ऐकलं असं काही त्यांना आठवेना. तिने सांगायचं आणि त्यांनी हात झटकायचा, हेच चालत आलं होतं. एकदा, फक्त एकदा ऐकलं असतं तर ती आज चहाला बसली असती. आता ती नव्हती, आणि आता तिचं ऐकायचं म्हणजे या पोराला स्वतःच्या जागी कोर्टात उभं करायचं आणि आपण घरी बागेला पाणी भरत बसायचं. तिने नवऱ्याला जगवायला मुलगा पुढे केला होता. तिला तरी कुठे वेळ होता जास्त विचार करायला!

नाना भिंतीला धरून उठले. "आयुष्यभर तिचं ऐकलं नाय मी," ते म्हणाले. "हेबी नाय ऐकनार. वर गेल्यावर काय बोलायचं ते बोलंल ती मला. मंगळवारी किती वाजता हाय?"

हर्षलने ओठ घट्ट मिटले होते, रामकुंडावर मिटले होते तसेच. योगिनीने भांडं खाली ठेवलं आणि येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. नाना दारात उभे राहून वाट बघत होते. ते जाणार नव्हते, उत्तर घेतल्याशिवाय.

"अकरा वाजता," हर्षल म्हणाला, आणि खाली बसून, दोन्ही हातांत तोंड झाकून, आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला.